थंडीत कांजी आंबत नसेल तर काय पाहावे, काय करावे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हिवाळा स्थिरावला की लोणच्यांच्या बरण्यांशेजारी कांजीचीही एक बरणी मांडली जाते. काळी गाजरे, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी एवढ्याच साहित्यातून तयार होणारे हे पेय मूळचे उत्तरेकडचे असले, तरी लष्कर भागातल्या आपल्या कुटुंबांनी ते इतके आपलेसे केले आहे की संक्रांतीच्या दिवसांत जेवणाआधी पेलाभर कांजी आणि होळीला कांजीतले वडे हा अनेक घरांचा शिरस्ता झाला आहे. अडचण अशी, की काळे गाजर बाजारात येते ते ऐन थंडीत, आणि येथील थंडी आंबवण्याच्या मुळावरच उठते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ‘चार दिवस झाले, पण अजून नुसते खारे पाणीच लागते आहे’ ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि मग कुणी लिंबू पिळते, कुणी दही घालते, कुणी आणखी मोहरी टाकते, तर कुणी सगळी बरणीच मोरीत ओतून मोकळे होते. माझ्या मते यातले काहीही करण्याची गरज सहसा नसते. रेंगाळलेल्या कांजीला बहुतेक वेळा ऊब कमी पडलेली असते आणि ती दिली की काम मार्गी लागते. परंतु तसे ठरवण्याआधी कांजी खरोखर रेंगाळली आहे का, हे तपासून घेतले पाहिजे.

त्यासाठी बरणीत काय घडत असते हे थोडक्यात माहीत असावे. कांजीत बाहेरून विरजण घालावे लागत नाही, कारण गाजराच्या सालीवर आंबटपणा निर्माण करणारे जिवाणू मुळातच असतात. गाजर चिरून मिठाच्या पाण्यात पडले की त्यातली साखर हळूहळू पाण्यात उतरते, मिठामुळे कुजवणारे अनेक जिवाणू मागे पडतात, आणि मीठ सोसणारे जिवाणू ती साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. भाज्या अशा रीतीने आंबतात तेव्हा साधारणपणे आधी ल्यूकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू जोर धरतात, आणि आम्ल वाढल्यावर ते सोसू शकणारे लॅक्टोबॅसिलस वर्गातले जिवाणू पुढचे काम हाती घेतात. सुरुवातीच्या दिवसांत दिसणारे बारीक बुडबुडे मुख्यतः पहिल्या टप्प्यातले असतात. या सगळ्याचा वेग तापमान, मीठ, पाणी, मोहरी आणि गाजराची स्थिती या पाच गोष्टींवर अवलंबून असतो, पण ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात त्यांतली पहिली गोष्ट उरलेल्या चारांपेक्षा कितीतरी भारी ठरते.

खरोखर रेंगाळली आहे का?

आठवडाभरात तयार होणाऱ्या गोष्टीची तिसऱ्या दिवशी चिंता करणे योग्य नाही. पाणी 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर कांजी तीन ते पाच दिवसांत चांगली आंबट होते; तेच पाणी 15 अंशांवर असेल तर आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ सहज लागतो. कोबी आंबवून केल्या जाणाऱ्या सावरक्राउटच्या बाबतीत हा फरक अभ्यासकांनी नीट नोंदवलेला आहे: 18 अंशांना जे काम काही आठवड्यांत पुरे होते, तेच 7-8 अंशांना महिनोन्महिने चालते, आणि तरीही कोबी नासत नाही. लॅगर बिअर तर साधारण 8 ते 13 अंशांना मुद्दाम संथपणे आंबवली जाते, कारण तिची स्वच्छ चव त्या संथपणातूनच येते. तेव्हा मंद आंबणे हा स्वतंत्र दोष मानू नये. दोष तेव्हा मानावा, जेव्हा पुरेसे दिवस आणि पुरेशी ऊब मिळूनही काहीच बदल होत नाही.

बदल होतो आहे की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी खूण काळ्या गाजराने स्वतःच दिलेली आहे. त्याचा जांभळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती द्रव्ये आम्लात लाल होतात. म्हणून पहिल्या दिवशी एक चमचा कांजी पांढऱ्या बशीत घेऊन खिडकीजवळ धरावी. ती जांभळट दिसते, आणि पाणी जड असेल तर कडेला निळसर झाकही दिसते. त्यानंतर रोज सकाळी त्याच बशीत, त्याच खिडकीशी एक चमचा घेऊन पाहावे. आम्ल तयार होऊ लागले की कडेची निळसर झाक आधी नाहीशी होते, मग जांभळा रंग किरमिजी होतो, आणि कांजी तयार होईपर्यंत चमचाभर पाणी स्वच्छ लालभडक दिसू लागते. बरणीत वरून पाहून हा फरक कळत नाही, कारण खोल पाण्याचा रंग काळपटच वाटतो. बशीतला पातळ थरच खरे सांगतो. ही खूण फक्त काळ्या गाजराला लागू आहे. लाल गाजर आणि बीट वापरून केलेल्या कांजीचा रंग बिटाचा असतो आणि तो एवढ्या आम्लाने बदलत नाही, त्यामुळे तेथे जिभेवर किंवा मोजणीवर विसंबावे लागते.

जिभेवर विसंबताना एक काळजी घ्यावी. मोहरीचा झणका नाकात चढला की आंबटपणा आला असे वाटते, पण तिखटपणा आणि आंबटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. कुटलेल्या मोहरीला पाणी लागले की तिच्यातला झणका काही मिनिटांतच प्रकट होऊ लागतो, त्याला जिवाणूंची गरज नसते. म्हणून घोट गिळल्यानंतर जिभेच्या कडांना आंबट जाणवते का, याकडे लक्ष द्यावे. ज्यांना नेमके हवे असेल त्यांनी लहानसा डिजिटल सामूमापक, म्हणजे पीएच मीटर, घ्यावा. कागदी पट्ट्या स्वस्त असल्या तरी जांभळ्या पाण्यात त्या स्वतःच रंगतात आणि वाचता येत नाहीत. तयार कांजीचा सामू साधारण 3.5 ते 4 असतो. 4.6 हा आकडा मात्र पक्का लक्षात ठेवावा, कारण त्याच्या खाली घातक बोट्युलिनम जिवाणू वाढू शकत नाही.

ऊब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ग्वाल्हेरात डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत दिवसाचे तापमान 20-22 अंशांपर्यंत जाते, पण रात्रीचे 6-7 अंशांपर्यंत उतरते, आणि थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली. बरणीतले पाणी हवेइतक्या झटपट तापत किंवा गार होत नाही. ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, बहुधा 13-15 अंशांवर, रेंगाळत राहते. जुन्या दगडी वाड्यांत हे आणखी खालचे असते, कारण जाड भिंती उन्हाळ्यात जशी उष्णता अडवतात तशाच हिवाळ्यातही अडवतात, आणि आतली खोली दुपारीदेखील गारच राहते. म्हणून खोलीचे तापमान किंवा मोबाइलवरचे हवामान पाहून निष्कर्ष काढू नये. स्वच्छ धुतलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर थेट कांजीत बुडवून सकाळी एकदा आणि सूर्यास्तानंतर एकदा आकडा पाहावा. दोन्ही आकडे 16 च्या खाली असतील तर कारण सापडले असे समजावे, आणि ऊब दिल्याशिवाय मीठ-मोहरीशी काहीही छेडछाड करू नये.

पहिला उपाय फुकटचा आहे. बरणी फरशीवर ठेवलेली असेल तर ती तेथून उचलावी. लष्करमधल्या एका काकूंची कांजी दरवर्षी रेंगाळत असे. त्यांची बरणी माजघरात, थेट वाळूच्या दगडाच्या फरशीवर असे, आणि हाताने चाचपले तरी बरणीचा तळ वरच्या भागापेक्षा स्पष्टपणे गार लागे. गाजरे तर तळाशीच बसलेली असतात, म्हणजे जिवाणूंची वस्ती जेथे सर्वांत दाट, तेथेच गारवा सर्वांत जास्त. बरणीखाली लाकडी पाट आणि त्यावर घडी घातलेले पोते ठेवले, आणि बरणी बाहेरच्या भिंतीपासून दूर स्वयंपाकघरात आणली, एवढ्यानेच बराच फरक पडला.

दुसरा उपाय सर्वजण करतात, पण अर्धवट करतात: बरणीला गोधडी किंवा रजई गुंडाळणे. माणसाला रजईत ऊब मिळते, कारण माणसाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करते. कांजीच्या बरणीतून निर्माण होणारी उष्णता नगण्य असते. त्यामुळे 13 अंशांवरची बरणी गुंडाळली तर रजई तो गारवाच जपून ठेवते आणि दुपारची ऊबही आत शिरू देत नाही. आधी कांजी गरम करावी आणि मगच गुंडाळावी. यासाठी घंगाळात किंवा मोठ्या टबात हाताला सोसेल असे कोमट पाणी घेऊन त्यात बरणी अर्धा-पाऊण तास ठेवावी, मधूनमधून आतले पाणी हलवावे, थर्मामीटर 24-25 अंश दाखवू लागला की बरणी पुसून लगेच गोधडीत गुंडाळावी, आणि हे सकाळ-संध्याकाळ करावे. टबातले पाणी कढत घेऊ नये. गार चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीला एकदम कढत पाणी लागले तर तिला तडा जातो.

माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा उपाय थर्मोकोलच्या झाकणाच्या खोक्याचा आहे. औषधे किंवा मासे ज्यातून येतात तसा खोका घ्यावा, त्यात बरणी ठेवावी, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या दोन बाटल्या घट्ट बुचे लावून उभ्या कराव्यात आणि झाकण लावावे. बाटल्यांतले पाणी दिवसातून दोन वेळा बदलले की आतले तापमान रात्रीही विशीच्या आसपास टिकते. ज्यांच्याकडे आत दिवा असलेला ओव्हन आहे त्यांनी ओव्हन बंद ठेवून फक्त दिवा लावावा आणि बरणी आत ठेवावी. मात्र थर्मामीटरवर लक्ष ठेवावे, कारण बंद जागेत साधा दिवाही अपेक्षेपेक्षा जास्त तापवू शकतो. 30 अंशांपलीकडे जाण्यात काही फायदा नाही. तेथे आंबटपणा झपाट्याने येतो, पण गाजरे मऊ पडतात आणि चव एकसुरी होते.

गच्चीवरचे ऊन ही येथील पारंपरिक रीत आहे आणि ती चांगलीच आहे. अकरा ते तीनपर्यंतचे ऊन बरणीला दाखवावे, पण ऊन उतरायच्या आत बरणी खाली आणून लगेच गुंडाळावी. ती संध्याकाळी गच्चीवर राहिली तर दिवसभराची कमाई तासाभरात जाते. काचेची बरणी असेल तर तिला गडद कापड गुंडाळावे, कारण प्रखर उजेडाने गाजराचा रंग फिका पडतो. चिनी मातीच्या बरणीला ही भीती नाही. ज्या दिवशी धुके दुपारपर्यंत उठत नाही, त्या दिवशी गच्चीचा नाद सोडून खोका वापरावा.

मीठ, पाणी, मोहरी

तीन-चार दिवस पाणी 20 अंशांच्या वर राहूनही बशीतला रंग हलला नाही, तरच पुढच्या कारणांकडे वळावे.

मिठाचे प्रमाण चमच्याने मोजले की चुकते, कारण बारीक मिठाचा शिगोशीग चमचा आणि जाड मिठाचा सपाट चमचा यांच्या वजनात मोठे अंतर असते. पाणी आणि गाजरे यांच्या एकूण वजनाच्या 2 ते 2.5 टक्के मीठ पुरते; म्हणजे 3 लिटर पाणी आणि अर्धा किलो गाजरे असतील तर 70 ते 85 ग्रॅम. प्रमाण 5 टक्क्यांच्या पुढे गेले की आंबणे स्पष्टपणे मंदावते. कांजी चाखल्यावर ती समुद्राच्या पाण्यासारखी खारट वाटली तर उकळून पूर्ण गार केलेले पाणी घालून ती पातळ करावी. आयोडीनयुक्त मिठामुळे कांजी आंबत नाही असे सांगितले जाते, पण त्यातले आयोडीन दहा लाख भागांत काही दशक भाग एवढेच असते, आणि ते कांजीत आणखी विरळ होते. आंबणे थांबवण्याइतके ते नसते. दोष काढायचाच असेल तर मिठाच्या प्रमाणात काढावा.

पाण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शहराला तिघरा धरणातून येणारे नळाचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते, आणि जे क्लोरीन पाण्यातले रोगजंतू मारते ते आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाही सोडत नाही. क्लोरीनचा वास ठळक असेल त्या दिवशी भरलेले पाणी थेट कांजीत घालू नये. ते उकळून गार करावे, किंवा रुंद तोंडाच्या पातेल्यात पातळ कापडाखाली रात्रभर उघडे ठेवावे. फिल्टरचे पाणी चालते. बोअरचे जड पाणीही चालते, पण त्यातले क्षार सुरुवातीचे आम्ल शोषून घेतात, त्यामुळे रंग बदलायला एखादा दिवस जास्त लागतो.

मोहरीबाबत लोकांचा समज उलटा आहे. कांजी आंबत नाही म्हणून मोहरी वाढवली जाते, परंतु मोहरीच्या झणक्याचे द्रव्य स्वतःच जिवाणू आणि बुरशी यांना रोखणारे आहे. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू ते बऱ्यापैकी सोसतात, आणि म्हणूनच मोहरी कांजीत शोभते. पण प्रमाण फार झाले तर तेही मंदावतात. 3 लिटरला ताज्या कुटलेल्या मोहरीचे तीन-चार मोठे चमचे पुरेत. काळी मोहरी पिवळीपेक्षा जहाल असते, म्हणून ती घेतल्यास प्रमाण थोडे कमी ठेवावे. आधीच जास्त पडली असेल तर काढता येत नाही. ऊब द्यावी आणि थांबावे, कारण हा झणका दिवसांगणिक उतरत जातो.

गाजर आणि विरजण

ज्या घरांत स्वच्छतेचा विशेष कटाक्ष असतो, त्या घरांतली कांजी कधीकधी त्या कटाक्षामुळेच अडते. गाजरे सोलून, भाजी धुण्याच्या द्रावणात बुडवून, वर उकळत्या पाण्यातून काढली तर सालीवरचे जिवाणू जवळजवळ संपतात आणि कांजी सुरू व्हायला कुणी उरतच नाही. माती जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासणे पुरेसे आहे. साल ठेवावी, फक्त खराब भाग खरवडावा. बोटाएवढे जाड तुकडे केले असतील तर साखर उतरायला वेळ लागतो, म्हणून थंडीच्या दिवसांत तुकडे पेन्सिलीएवढे सडपातळ करावेत. रंगासाठी बीट घालायचे तर एखादे लहान पुरे. बीट जास्त झाले की त्यातल्या साखरेपासून ल्यूकोनॉस्टॉक चिकट पदार्थ तयार करतो आणि कांजी तारेवर येते. ती घातक नसते आणि पुढच्या दिवसांत बहुधा पुन्हा पातळ होते, पण घोट घेणाऱ्याला ती आवडत नाही.

गाजरे उकळून घातली असतील, किंवा ऊब, मीठ आणि पाणी सगळे ठीक असूनही काहीच घडत नसेल, तर विरजण द्यावे. त्यासाठी जुनी, चांगली आंबलेली कांजी सर्वोत्तम. दर लिटरला तीन-चार मोठे चमचे पुरतात, आणि शेजारणीकडून वाटीभर मागून आणण्यात कोणताही कमीपणा नाही. ती मिळत नसेल तर न सोललेल्या एका ताज्या गाजराचे तुकडे नव्याने घालावेत. दह्याचे पाणी मी सुचवणार नाही, कारण दह्याचे जिवाणू दुधात आणि चांगल्या उबेत रमणारे असतात. थंड खाऱ्या पाण्यात त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि चव मात्र बदलते. पावाचे यीस्ट तर मुळीच घालू नये; त्याने बुडबुडे भरपूर येतील, पण वास पावाचा येईल आणि आम्लाऐवजी अल्कोहोल तयार होऊ लागेल. लिंबू पिळल्याने आंबट चव लगेच येते, तरी ते आंबवणे नव्हे. त्या कांजीत ना तो गाजराचा उतरलेला गंध असतो, ना घोटानंतर रेंगाळणारी गोलाई.

रोज एकदा स्वच्छ, कोरड्या लाकडी डावाने कांजी ढवळावी आणि तरंगणारे तुकडे खाली दाबावेत. तोंडावर मलमलचे कापड बांधावे. झाकण घट्ट फिरवून लावल्यास आत वायू साठतो. पृष्ठभागावर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ती रानटी यीस्टची असते. ती काढून टाकावी आणि बरणीची आतली कड पुसून घ्यावी. हिरवी, काळी किंवा गुलाबी, केसाळ बुरशी दिसली, सडका वास आला, किंवा गाजरे बोटाने दाबताच लगदा होऊ लागली, तर तेथे कोणतीही दुरुस्ती करू नये आणि चाखूनही पाहू नये. सगळे टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. तसेच व्यवस्थित ऊब देऊनही दहाव्या दिवशी रंग जांभळाच असेल किंवा सामू 4.6 च्या वरच असेल, तर ती कांजी कुणाला प्यायला देऊ नये.

कांजी हवी तितकी आंबट झाली की गाळून फ्रिजमध्ये ठेवावी. तेथे ती दोन-तीन आठवडे चांगली राहते, आणि तिच्यातली वाटीभर पुढच्या बरणीच्या विरजणासाठी बाजूला काढावी. होळीसाठी घालायची असेल तर ही सगळी तजवीज उलटी करावी लागते. मार्चमध्ये येथील दुपार 30 अंशांपलीकडे जाते आणि कांजी दोन-तीन दिवसांतच तयार होते, म्हणून तेव्हा बरणी त्याच गार दगडी फरशीवर ठेवावी, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चाखावी आणि वडे भिजवण्याच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये हलवावी.